गोलाई, ताकद, ओलावा: जंगलातल्या आणि वखारीतल्या आकड्यांना संभाव्यता वितरण कसं लावायचं

संख्याशास्त्राच्या वर्गात वितरणं (कुठला आकडा किती वेळा येईल हे सांगणारे गणिती वक्र) शिकवतात ती नाणी, फासे आणि बल्बच्या आयुष्यावर. मग पर्यावरण, वनशास्त्र किंवा सिव्हिलचा प्रोजेक्ट गळ्यात पडतो. मुळशी किंवा भोरकडच्या एखाद्या रोपवनात टेप घेऊन उभं राहावं लागतं, नाहीतर पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या नमुन्यांचे यूटीएमवरचे (ताकद तपासायच्या यंत्रावरचे) आकडे समोर येतात. सरासरी आणि प्रमाण विचलन काढून झालं की पुढे काय करायचं ते कळत नाही. मी या कामातून गेले आहे आणि कॉलेजच्या मुलांबरोबर अजूनही करते, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कुठलं वितरण लावायचं हे पुस्तकातल्या यादीवरून ठरवू नका. आकडा तुमच्या हातात कसा आला, कुठल्या चाळणीतून आला, हे आधी लिहून काढा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

काय काय लागेल

मैदानी कामासाठी:
- फायबरग्लासची टेप (शिंप्याची कापडी टेप ताणली जाते, ती नको)
- १.३७ मीटरवर खूण केलेली काठी, कारण आपल्याकडे छातीगोलाई (छातीच्या उंचीवरचा खोडाचा घेर) याच उंचीवर मोजतात
- प्लॉट आखायला नायलॉनची दोरी, खडू, नोंदवही

लाकडाच्या कामासाठी:
- ओलावा मीटर, आणि तो पडताळायला ओव्हन व वजनकाटा
- यूटीएमची सोय (बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांच्या सिव्हिल किंवा मेकॅनिकल विभागात असते)

कागदपत्रं:
- कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र
- वनजमिनीवर मोजणार असाल तर वन विभागाची लेखी परवानगी. भीमाशंकरसारख्या अभयारण्यात वन्यजीव विभागाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, त्यामुळे तो अर्ज सगळ्यात आधी करा
- खासगी जमीन असेल तर मालकाची लेखी संमती
- लाकूड विकत घेतलं असेल तर पावती, तिच्यावर जात आणि लॉट लिहून घेतलेला
- आयएस १७०८ (लाकडाच्या लहान निर्दोष नमुन्यांच्या चाचण्या) आणि आयएस ८८३ (इमारती लाकडाचं डिझाइन). बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) संकेतस्थळावर नोंदणी केली की भारतीय मानकं मोफत उतरवून घेता येतात

आकडेमोडीसाठी आर किंवा पायथन. आरमध्ये 'फिटडिस्ट्रप्लस' आणि पायथनमध्ये 'सायपाय' एवढं पुरतं. स्प्रेडशीटवरही बरंच होतं, ते पुढे सांगते.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

"या रोपवनाचा अभ्यास करायचा आहे" हा प्रश्न नाही. "९० सेंटिमीटरपेक्षा जास्त गोलाईची झाडं हेक्टरी किती?", "दर शंभर फळ्यांपैकी सगळ्यात कमजोर पाच कितीला मोडतील?", "किती रोपं जगली आणि त्या टक्केवारीवर किती भरवसा ठेवायचा?" हे प्रश्न आहेत.

या तिन्ही प्रश्नांत सरासरी विचारलेलीच नाही, हे लक्षात घ्या. पहिल्यात वरचं टोक विचारलं आहे, दुसऱ्यात खालचं, तिसऱ्यात पसारा. वनशास्त्रात आणि लाकडाच्या धंद्यात पैसा आणि धोका दोन्ही टोकांना असतात. जाड ओंडक्याला भाव जास्त मिळतो, आणि छत पडतं ते सर्वात कमजोर वाशामुळे. सरासरीवर काम भागलं असतं तर वितरणाच्या भानगडीत कुणी पडलं नसतं.

## २. आकडा कुठल्या चाळणीतून आला ते तपासा

ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. म्हणून इथे थोडं थांबते.

तुम्ही ३० सेंटिमीटरपेक्षा कमी गोलाईची झाडं मोजलीच नाहीत, असं धरा. बहुतेक सर्वेक्षणांत अशी मर्यादा असते आणि ती असायलाही हरकत नाही. जंगल नैसर्गिक, मिश्र वयाचं आहे. अशा जंगलात बारीक झाडं भरपूर असतात आणि जाडी वाढत जाते तशी संख्या झपाट्याने कमी होत जाते. हा उतरता वक्र फ्रेंच वनाधिकारी द लिओकूर यांनी १८९८ मध्येच मांडला होता. त्याला घातांकी वितरण बऱ्यापैकी बसतं.

आता मोजलेल्या झाडांची सरासरी गोलाई ५५ सेंटिमीटर आली. घातांकी वितरणाला एकच आकडा लागतो, सरासरी. घाईत ५५ टाकले की ९० सेंटिमीटरच्या वरची झाडं १९ टक्के येतात. हे उत्तर चूक आहे. तुमचे आकडे शून्यापासून सुरूच होत नाहीत, ते ३० पासून सुरू होतात. ३० च्या पुढची सरासरी वाढ आहे २५ सेंटिमीटर, आणि वितरणात २५ च टाकायला हवेत. ९० म्हणजे ३० च्या पुढे ६०. मग वाटा येतो ९ टक्के. मोजमाप तेच, जंगल तेच, पण जाड झाडांचा अंदाज दुपटीहून अधिक फुगला होता. त्यावर कुणी लाकडाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

वायबुल (चौथ्या भागात येईल) किंवा लॉगनॉर्मल (ज्यात आकड्यांचे लॉग नॉर्मल असतात) ही वितरणं लावताना नुसत्या वजाबाकीने भागत नाही. तिथे घनता फलनाला (वितरणाच्या वक्राच्या सूत्राला) मर्यादेच्या वर उरलेल्या क्षेत्रफळाने भागून मग जुळणी करावी लागते. याला ट्रंकेटेड वितरण म्हणतात. 'फिटडिस्ट्रप्लस'मध्ये असं फलन स्वतः लिहून देता येतं, चार ओळींचं काम आहे.

आणखी तीन चाळण्या, ज्या सहज दिसत नाहीत:

वखारीतली निवड. दुकानदार गाठी असलेल्या, पीळ पडलेल्या फळ्या आधीच बाजूला काढतो. तुम्ही आणलेल्या नमुन्यांचं खालचं टोक कापलेलंच असतं. त्या नमुन्यांवरून "या जातीचं लाकूड इतकं मजबूत" असं लिहू नका. "या दुकानात निवडून मिळालेलं लाकूड" एवढंच लिहा.

मोठ्याला जास्त संधी. ऑस्ट्रियन वनतज्ज्ञ बिटरलिख यांच्या १९४८ च्या पद्धतीने, म्हणजे प्रिझम किंवा कोनमापकातून झाडं निवडली, तर जाड झाड निवडलं जाण्याची शक्यता त्याच्या खोडाच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. त्या झाडांचा हिस्टोग्रॅम काढला तर जंगल आहे त्यापेक्षा जाड दिसतं. प्रत्येक झाडाला त्याच्या छेदाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिल्याशिवाय वितरण बसवू नका.

मिसळ. पुण्याच्या बाजारात 'साग' या एका शब्दाखाली बल्लारशाचा साग असतो आणि आफ्रिकेतून व लॅटिन अमेरिकेतून आलेलाही असतो. दोन ठिकाणचा माल एकत्र केला तर हिस्टोग्रॅमला दोन उंचवटे येतात आणि एकही वितरण नीट बसत नाही. पावतीवर लॉट लिहून घ्या म्हणाले ते याचसाठी.

## ३. मोजदाद असेल तर: जगलेली रोपं, उगवलेली रोपटी

रोप जगलं किंवा मेलं, असे दोनच पर्याय असले की सगळे बायनॉमियल, म्हणजे द्विपद वितरणाकडे धावतात. ४० रोपांचा प्लॉट आणि जगण्याचं प्रमाण ८० टक्के असेल तर सरासरी ३२ रोपं जगतील आणि प्रमाण विचलन साधारण अडीच रोपांचं येईल. म्हणजे बहुतेक प्लॉटमध्ये २७ ते ३७ जिवंत सापडायला हवीत.

प्रत्यक्षात एका प्लॉटमध्ये ४० च्या ४० आणि शेजारच्यात ८ सापडतात. कारण सरळ आहे. उन्हाळ्यात वणवा लागला तर तो एकेका रोपाला वेगळा विचारून जात नाही, पट्टाच्या पट्टा घेऊन जातो. शेळ्या शिरल्या तरी तेच. मुरमाड तुकड्यात सगळीच रोपं मरतात. द्विपद वितरणाची अट आहे की प्रत्येक रोपाचं नशीब इतरांपासून स्वतंत्र असावं, आणि आपल्या डोंगरउतारांवर ती अट क्वचितच पाळली जाते.

याचा फटका किती बसतो ते पाहा. २० प्लॉट, प्रत्येकी ४० रोपं, एकूण ८०० रोपं तपासली. एका प्लॉटमधल्या रोपांचं आपसातलं साम्य (याला अंतर्वर्गीय सहसंबंध म्हणतात) ०.२ एवढंच धरलं, तरी माहितीची किंमत ८.८ पटीने घटते. तुमची ८०० रोपं जेमतेम ९१ स्वतंत्र रोपांइतकीच माहिती देतात. म्हणून रोपवन तपासताना प्लॉट लहान आणि संख्येने जास्त ठेवा, लांब लांब विखरून ठेवा. वितरण बीटा-बायनॉमियल घ्या, म्हणजे द्विपदच, पण जगण्याचं प्रमाण प्लॉटगणिक बदलू देणारं.

उगवून आलेल्या रोपट्यांची मोजणी करताना पॉयसन वितरण आठवतं. त्याची एक सोपी कसोटी आहे: सरासरी आणि व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) जवळपास सारखे हवेत. समजा दहा प्लॉटमध्ये रोपटी अशी सापडली:

०, ०, १, ०, ७, २, ०, १२, ०, ३

सरासरी २.५. व्हेरियन्स १६ च्या आसपास, म्हणजे सरासरीच्या सहा पटींहून जास्त. पॉयसन म्हणतं की रिकामे प्लॉट ८ टक्के असावेत, दहात एखादा. इथे पाच आहेत. बी मातृवृक्षाच्या आसपास पडतं, ओल धरणाऱ्या घळीत रुजतं, त्यामुळे रोपटी झुबक्यांनी येतात. अशा वेळी निगेटिव्ह बायनॉमियल, म्हणजे ऋण द्विपद वितरण वापरा. त्याचा झुबक्यांचा अंक असा काढा: सरासरीच्या वर्गाला, व्हेरियन्समधून सरासरी वजा करून आलेल्या संख्येने भागा. वरच्या आकड्यांत तो ०.४६ येतो, आणि रिकाम्या प्लॉटचा अंदाज ४२ टक्के येतो. दहात चार, प्रत्यक्ष पाच. हा अंक जितका लहान, तितके झुबके दाट. दहा प्लॉटवरून काढलेला तो कच्चाच समजा, पण दिशा बरोबर दाखवतो.

## ४. गोलाई असेल तर: वायबुल

एकाच वर्षी लावलेल्या रोपवनात गोलाईचा हिस्टोग्रॅम मधे फुगीर असतो, पण दोन्ही बाजूंना सारखा असेलच असं नाही. इथे वायबुल वितरण कामाला येतं. वालोद्दी वायबुल हे स्वीडिश अभियंते. त्यांनी ते पदार्थांच्या मजबुतीसाठी १९३९ मध्ये मांडलं, १९५१ च्या लेखाने ते सर्वदूर पोचलं, आणि १९७३ मध्ये बेली आणि डेल यांनी झाडांच्या व्यासासाठी त्याचा वापर सुचवला. त्यानंतर वनमापनात ते रुळलं.

त्याला दोन अंक लागतात, आकार (वक्राचं रूप ठरवणारा) आणि स्केल (वक्र किती पसरतो ते ठरवणारी). आकार १ असला की तेच घातांकी वितरण होतं, म्हणजे नैसर्गिक जंगलाचा उतरता वक्र. आकार ३.६ च्या आसपास असला की ते जवळपास नॉर्मलसारखं दिसतं. त्याच्या वर गेला की शेपूट डावीकडे जाते. एकाच वितरणात जंगलाची इतकी रूपं बसतात, म्हणून मला ते शिकवायलाही आवडतं.

वापरायचं असं. एखाद्या गोलाईपेक्षा जाड झाडांचा वाटा हवा असेल तर त्या गोलाईला स्केलने भागा, आलेल्या संख्येचा आकाराइतका घात करा, त्याला उणे चिन्ह लावा आणि ई (२.७१८) या संख्येचा तेवढा घात काढा. समजा सागाच्या एका रोपवनात आकार ३ आणि स्केल ७० सेंटिमीटर आले. ९० च्या वरचा वाटा येतो १२ टक्के. हेक्टरी ५०० झाडं असतील तर ६० च्या खाली सुमारे २३५, ६० ते ९० मध्ये सुमारे २०५ आणि ९० च्या वर सुमारे ६०. गोलाईच्या वर्गाप्रमाणे भाव बदलतात, तेव्हा ही विभागणीच खरी उपयोगाची.

आता एक सापळा, जो मला वारंवार प्रोजेक्टच्या अहवालांत दिसतो. सरासरी गोलाई काढायची, तिच्यावरून एका 'सरासरी झाडाचा' छेद काढायचा आणि झाडांच्या संख्येने गुणायचं. वरच्या रोपवनात सरासरी गोलाई ६२.५ सेंटिमीटर आहे, तिचा वर्ग सुमारे ३,९०७. पण सगळ्या गोलाईंच्या वर्गांची सरासरी सुमारे ४,४२३ आहे. म्हणजे 'सरासरी झाड' धरून काढलेला छेद जवळपास १२ टक्क्यांनी कमी पडतो. शिवाय जाड झाडं सहसा उंचही असतात, त्यामुळे घनफळातली तूट याहून जास्त असते. आधी वितरण बसवा, प्रत्येक वर्गाचं घनफळ वेगळं काढा, मग बेरीज करा.

घनफळावरून आणखी एक. गोल लाकूड बाजारात अजूनही चौथाई गोलाईच्या हिशेबाने मोजतात: गोलाई भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. हे माप खऱ्या दंडगोलाच्या ७८.५ टक्केच भरतं. प्रयोगशाळेतलं घनफळ आणि वखारीतलं घनफळ एकाच रकान्यात घालू नका.

गोलाईचा व्यास करताना ३.१४ ने भागायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वितरणात याचा अर्थ एवढाच की स्केल ३.१४ ने भागली जाते आणि आकार तसाच राहतो. परदेशी लेखांतले आकडे व्यासाचे असतात, आपले गोलाईचे. तुलना करताना आकार थेट ताडून पाहता येतो, स्केल मात्र बदलून घ्यावी लागते.

स्प्रेडशीटवर वायबुल बसवायचं असेल तर: गोलाया चढत्या क्रमाने लावा. प्रत्येकीच्या क्रमांकातून ०.३ वजा करा आणि एकूण संख्येत ०.४ मिळवून तिने भागा. एकातून ही संख्या वजा करा, तिचा नैसर्गिक लॉग घ्या, चिन्ह बदला, पुन्हा लॉग घ्या. हा उभ्या अक्षावर, गोलाईचा लॉग आडव्या अक्षावर. बिंदू सरळ रेषेत आले तर वायबुल बसतं आणि रेषेचा चढ म्हणजे आकार. अंतिम अंक आरमधून कमाल संभाव्यता पद्धतीने (हाती आलेले आकडे ज्यांनी सर्वात शक्य ठरतात ते अंक निवडून) काढा, पण हा आलेख एकदा तरी हाताने करा. कुठले बिंदू रेषा सोडतात ते दिसतं, आणि बहुतेकदा ती झाडं वहीत काहीतरी वेगळी नोंद असलेली निघतात.

मोजतानाचे नियम ठरवून घ्या. उतारावर काठी झाडाच्या वरच्या अंगाला टेकवायची. खोड १.३७ च्या खाली फुटलं असेल तर प्रत्येक फाटा वेगळा मोजायचा. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला गिरिपुष्पाचं एक झुडूप पाहा, बुंध्यातून अनेक खोडं आलेली असतात. प्रत्येक खोड मोजलं तर वितरण खोडांचं होईल, झाडांचं नाही, आणि हे अहवालात लिहावं लागेल.

## ५. लाकडाची ताकद: खालच्या टोकाची गोष्ट

हा भाग नीट वाचा, कारण इथे माणसांच्या डोक्यावरच्या छताचा प्रश्न आहे.

डिझाइनमध्ये ताकदीचा जो आकडा धरतात तो बहुधा पाचव्या पर्सेंटाइलवरून येतो, म्हणजे शंभरातल्या पाच तुकड्यांची ताकद ज्याच्या खाली असेल तो. आता एक प्रयोग कागदावर करू. वाकवण्याच्या चाचणीत सरासरी ताकद ५४.४ मेगापास्कल आणि प्रमाण विचलन १५.३ आलं. तीन जणांनी तीन वितरणं बसवली, सरासरी आणि विचलन तिघांचंही तेच.

पाचवा पर्सेंटाइल: नॉर्मल २९.३, वायबुल २८.६, लॉगनॉर्मल ३३.३.
पहिला पर्सेंटाइल: नॉर्मल १८.९, वायबुल १९.०, लॉगनॉर्मल २७.६.
हजारात एक: नॉर्मल ७.२, वायबुल १०.७, लॉगनॉर्मल २२.४.

हिस्टोग्रॅमवर तिन्ही वक्र ठेवले तर मधल्या भागात फारसा फरक दिसत नाही. टोकाला मात्र लॉगनॉर्मलवाला तिप्पट निर्धास्त आहे. म्हणून ताकदीसाठी वितरण निवडताना एकूण जुळणीच्या गुणांकावर निवडू नका. खालचे दहा-पंधरा टक्के बिंदू वेगळे काढून कुठला वक्र त्यांच्याजवळून जातो ते पाहा.

वायबुल इथे जास्त वापरतात त्याला भौतिक कारण आहे. साखळी तुटते ती सर्वात कमजोर कडीला. लाकडाच्या तुळईतही सर्वात वाईट गाठ किंवा तिरका रेषा जिथे असतो तिथून तडा जातो. अनेक भागांतल्या किमान ताकदीचं वितरण वायबुलकडे झुकतं. यातून एक उपयोगी निष्कर्ष निघतो: तुकडा जितका लांब, तितकी वाईट गाठ सापडण्याची शक्यता जास्त. वायबुलचा आकार-अंक ५ असेल आणि ताण सगळीकडे सारखा असेल, तर लांबी दुप्पट केल्यावर ताकद सुमारे १३ टक्क्यांनी उतरते.

म्हणूनच आयएस १७०८ प्रमाणे २ × २ × ३० सेंटिमीटरच्या नमुन्यांवर काढलेलं वितरण सरळ आठ फुटी वाशाला लावता येत नाही. ते नमुने मुद्दाम गाठी टाळून कापलेले असतात. अशा नमुन्यांतून त्या जातीच्या लाकडाच्या धाग्याची ताकद कळते. वाशाची ताकद गाठी ठरवतात. प्रत्यक्ष बांधकामासाठी आयएस ८८३ मधले अनुज्ञेय ताण आणि सुरक्षा गुणकच पाळायचे. इथली आकडेमोड ते गुणक का लागतात हे समजण्यासाठी आहे.

"तीस नमुने पुरेत ना?" हा प्रश्न दर वर्षी येतो. सरासरीसाठी पुरतील. पाचव्या पर्सेंटाइलसाठी हिशेब वेगळा आहे. कुठलंही वितरण न धरता, सर्वात कमजोर नमुन्याची ताकद पाचव्या पर्सेंटाइलच्या खालीच आहे असं ७५ टक्के खात्रीने म्हणायला २८ नमुने लागतात. ९५ टक्के खात्रीने म्हणायला ५९. पडताळणी सोपी आहे: ०.९५ चा ५९ वा घात ०.०५ च्या किंचित खाली येतो. नमुने कापायला सुतारकाम लागतं, यूटीएमची तारीख मिळवावी लागते, म्हणून ५९ चा आकडा सुरुवातीलाच बजेटमध्ये धरा. आणि यंत्रात बसवताना मोडलेला नमुना फेकून देऊ नका. तो कमजोर होता म्हणूनच मोडला असेल, त्याची नोंद ठेवा.

## ६. ओलावा

ओलावा टक्क्यांत लिहितात म्हणून काही जण बीटा वितरण (० ते १०० टक्क्यांतच राहणाऱ्या प्रमाणांचं) लावायला जातात. नका लावू. ओलावा म्हणजे पाण्याचं वजन भागिले ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वाळवलेल्या लाकडाचं वजन. ताज्या तोडलेल्या हलक्या लाकडात तो शंभराच्या वरही जातो. वाळवलेल्या एकाच लॉटमध्ये नॉर्मल वितरण बहुधा चालून जातं.

पुण्यात मे महिन्यातली हवा आणि ऑगस्टमधली हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन्ही महिन्यांतली मापं एकत्र केली तर पुन्हा दोन उंचवटे. तारीख लिहा. ताकदीच्या नोंदीशेजारीही ओलावा लिहा, कारण साधारण २८-३० टक्क्यांच्या खाली ओलावा उतरला की लाकडाची ताकद वाढू लागते.

## ७. जुळणी तपासताना

आधी क्यू-क्यू आलेख (मोजलेले आकडे आणि वितरणाने अपेक्षित आकडे क्रमाने समोरासमोर मांडलेला) पाहा, मग चाचण्या करा.

कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणी आकडे आणि वितरण यांतला सर्वात मोठा फरक मोजते; तिच्यात सगळे एकच घोटाळा करतात. वितरणाचे अंक ज्या आकड्यांवरून काढले, त्याच आकड्यांवर चाचणी लावतात. मग पी-मूल्य (वितरण खरं असताना एवढा फरक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) खोटं मोठं येतं आणि काहीही 'जुळतं'. यावर उपाय म्हणजे पॅरामेट्रिक बूटस्ट्रॅप: बसवलेल्या वितरणातून हजारेक नकली संच तयार करा, प्रत्येकावर अंक नव्याने काढा आणि तुमच्या संचाचा फरक त्यांच्यात कुठे बसतो ते पाहा. टोकं महत्त्वाची असतील तर अँडरसन-डार्लिंग बरी, ती टोकांना जास्त वजन देते.

आकडे हजारोंनी असले तर उलटं होतं. कुठलंच वितरण पास होत नाही. तेव्हा चाचणी सोडा आणि चुकीचा अंदाज कामात किती फरक पाडतो ते मोजा.

शेवटच्या अंकाकडे लक्ष ठेवा. दमलेला माणूस ६३ चे ६५ लिहितो आणि ७८ चे ८०. नोंदींत शून्य आणि पाच यांचीच गर्दी दिसली तर आकडे ५ सेंटिमीटरच्या वर्गांत टाकून वर्गांवरच वितरण बसवा.

## ८. अहवालात काय लिहायचं

जात आणि लॉट किंवा जागा, तारीख, नमुन्यांची संख्या, मोजण्याची किमान मर्यादा, निवड कशी केली, वितरणाचं नाव, त्याचे अंक आणि त्या अंकांचा विश्वास-अंतराल (खरा अंक ज्या दोन टोकांमध्ये असावा ती मर्यादा). किमान मर्यादा आणि निवडीची पद्धत हे दोन रकाने लोक सोडून देतात, आणि त्यांच्याशिवाय बाकीचे अंक दुसऱ्या कुणाला वापरता येत नाहीत.

परवानगी हातात येईपर्यंत सराव करायचा असेल तर पुणे महापालिकेच्या वृक्षगणनेत खोडाची गोलाई आणि उंची नोंदवलेली आहे. एकच जात आणि एकच भाग निवडा. रस्त्याकडेची आणि टेकडीवरची झाडं वेगळी करा. वितरण बसवण्याआधी शेवटच्या अंकांची मोजणी करून पाहा, आणि सगळ्यात लहान गोलाई किती सेंटिमीटरची नोंदवली आहे ते शोधून वहीत पहिल्या ओळीत लिहा.